न झालेल्या गुणांचा इतिहास

बास्केटबॉलच्या इतिहासात १९७३-७४ या हंगामाकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. त्या हंगामात कोणता अजरामर सामना झाला म्हणून नव्हे, तर एका कारकुनी निर्णयामुळे तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक संघटनेने त्या हंगामापासून ‘स्टील’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे आणि ‘ब्लॉक’ म्हणजे बास्केटकडे निघालेला चेंडू हवेतच अडवणे, या दोन गोष्टींची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली. ‘असिस्ट’ची, म्हणजे ज्यावरून लगेच बास्केट होते अशा पासची, नोंद मात्र १९४६-४७ या पहिल्याच हंगामापासून होत आली होती. चेंडू पुढे नेणारा, आक्रमणाची आखणी करणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. तो सहकाऱ्याला काय देतो हे पहिल्या दिवसापासून लिहिले गेले. तो प्रतिस्पर्ध्याकडून काय काढून घेतो हे लिहायला सत्तावीस वर्षे जावी लागली.

याचे परिणाम साधे नाहीत. बिल रसेल हा बॉस्टन सेल्टिक्सचा खेळाडू तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवून १९६९ साली निवृत्त झाला. बचावाची कल्पनाच ज्याने बदलली असे सर्व जाणकार मानतात, त्याच्या नावावर अधिकृत नोंदवहीत एकही ब्लॉक नाही. न्यूयॉर्क निक्सचा वॉल्ट फ्रेझियर चपळ हातांसाठी प्रसिद्ध होता. १९७० आणि १९७३ या त्याच्या दोन्ही अजिंक्यपदांच्या वर्षी त्याने किती वेळा चेंडू हिसकावला याचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. १९६८-६९पासून प्रशिक्षकांच्या मतांनी उत्कृष्ट बचावपटूंचा संघ निवडला जाऊ लागला आणि त्यात या दोघांची नावे आली. म्हणजे कीर्ती होती, साक्षीदार होते, पण दप्तर नव्हते. बखर आणि दप्तर यांतील अंतराची चर्चा करत आलेल्या आपल्यासारख्या अभ्यासकांना ही परिस्थिती ओळखीची वाटावी.

सर्वच खेळांनी बचावाची अशी उपेक्षा केलेली नाही. खो-खोच्या सामन्याचे वृत्त मराठी वृत्तपत्रांत वाचताना कोणी किती गडी बाद केले याच्याबरोबरच कोणी किती मिनिटे संरक्षण केले हेही आकड्यांत मिळते. कबड्डीत चढाईला जसा गुण, तसा पकडीलाही. बास्केटबॉलमध्ये मात्र बचावाला स्वतःचा गुण नाही. बचाव उत्तम झाला तर फलकावर काहीच घडत नाही. २४ सेकंद संपतात, चेंडू कडीवर आपटून परत येतो, आणि गुणसंख्या होती तीच राहते. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कसा द्यायचा, हा बचावाच्या इतिहासकारापुढचा मूळ प्रश्न आहे. मराठीत ‘गुण’ हा शब्द फलकावरच्या आकड्यालाही वापरतात आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही. हे दोन अर्थ नेहमी जुळतीलच असे नाही, याचे बास्केटबॉलमधील बचाव हे ठळक उदाहरण ठरावे.

१९७३नंतर आकडा मिळाला, पण नवा घोटाळाही झाला. चेंडू हिसकावण्यासाठी झेप घेणारा खेळाडू दहा वेळा झेपावून दोनदा यशस्वी होतो; ते दोन लिहिले जातात. उरलेल्या आठ वेळा तो जागेवरून हलल्यामुळे मागे जे भगदाड पडते ते त्याच्या खात्यावर मांडले जात नाही. ॲलन आयव्हर्सन २००१, २००२ आणि २००३ असे सलग तीन हंगाम सामन्यामागे सर्वाधिक स्टील करणारा होता, परंतु उत्कृष्ट बचावपटूंच्या संघात त्याची निवड एकदाही झाली नाही. उलट ख्रिस पॉल सहा हंगाम त्या यादीत पहिला आला आणि नऊ वेळा त्या संघातही निवडला गेला. एकच आकडा, अर्थ दोन. तेव्हा आकड्यांवरून बचाव वाचायचा तर तो एखादा संदिग्ध शब्द वाचावा तसा, संदर्भासह वाचावा लागतो.

या पार्श्वभूमीवर एका खेळाडूची कथा पाहण्यासारखी आहे. स्टीफन करी हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा पॉइंट गार्ड दूर अंतरावरून बास्केट करण्यासाठी जगप्रसिद्ध झाला आणि त्याने खेळाचे रूपच पालटले, हे आता सर्वमान्य आहे. त्या कीर्तीच्या सावलीत दुसरी एक गोष्ट सुमारे आठ वर्षे चालू होती: बचावातील दुबळा दुवा म्हणून ओळखला गेलेला हा खेळाडू तिथे पाय रोवून उभे राहायला शिकत होता. पहिल्या गोष्टीची चित्रफीत आहे. दुसरीची बहुतांशी नाही.

करीचा जन्म १९८८चा. वडील डेल करी हेही एनबीएतील नाणावलेले नेमबाज. मुलगा अंगाने किरकोळ. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, म्हणून डेव्हिडसन या लहान महाविद्यालयातून तो पुढे आला आणि २००९च्या निवडीत सातव्या क्रमांकावर वॉरियर्सकडे गेला. उंची सुमारे सहा फूट दोन इंच. उजवा घोटा वारंवार मुरगळत असे; २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०११-१२च्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळला. ऑक्टोबर २०१२मध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तो त्या काळी अनेकांना जोखमीचा वाटला होता. घोटा वाचवण्यासाठी पुढे जे व्यायाम सुरू झाले त्यांचा रोख कंबर, नितंब आणि मांड्या बळकट करून घोट्यावरचा भार कमी करण्यावर होता. गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून, आडव्या पावलांनी सरकणे ही बचावपटूची मूळ मुद्रा. तिलाही नेमके हेच स्नायू लागतात. दुखण्यावरच्या उपचारातच या सुधारणेचा पाया पडला, असे म्हणता येईल.

परंतु सुधारणा केवळ स्नायूंची नसते. ती ज्या काळात होते त्या काळाच्या नियमांनीही तिला आकार दिलेला असतो. २००१-०२मध्ये एनबीएने बचावाच्या रचनेवरील जुनी बंधने काढली आणि क्षेत्ररक्षणाच्या पद्धतीला मुभा दिली. २००४-०५पासून चेंडू असलेल्या खेळाडूच्या अंगावर हात ठेवून त्याची गती रोखण्याविरुद्धचा नियम पंच कडकपणे राबवू लागले. या दुसऱ्या बदलाने पॉइंट गार्डचे दैव फिरले. आक्रमणात तो मोकळा झाला. बचावात मात्र त्याचे हात काढून घेतले गेले आणि पायांवर सगळा भरवसा आला. करी ज्या एनबीएमध्ये दाखल झाला ती अशी होती. ज्या नियमाने त्याला आक्रमणाचा राजा होण्याची संधी दिली, त्याच नियमाने त्याचा बचाव अवघड करून ठेवला.

अशा वेळी संघ काय करतो? ताऱ्याला लपवतो. ही रीत जुनी आहे आणि तीत लाजिरवाणे काही मानले जात नाही. २०११ ते २०१४ या काळात वॉरियर्सचे प्रशिक्षक मार्क जॅक्सन हे स्वतः एके काळचे नामवंत पॉइंट गार्ड. त्यांच्या रचनेत प्रतिस्पर्ध्यांच्या धोकादायक पॉइंट गार्डला रोखण्याचे काम बहुधा क्ले थॉम्पसन हा उंच आणि बळकट सहकारी करी. स्टीफनला त्यातल्या त्यात निरुपद्रवी खेळाडूसमोर उभे केले जाई. हिशेब सरळ होता: याची ताकद आक्रमणासाठी राखा, याला फाउलच्या अडचणीत टाकू नका. हा निर्णय चुकीचा नव्हता. जॅक्सन यांच्याच काळात वॉरियर्सचा बचाव भक्कम झाला, ही नोंद न्यायाने करायला हवी.

मे २०१४मध्ये स्टीव्ह कर मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बचावाच्या शिकवणीसाठी रॉन ॲडम्स या सत्तरीकडे झुकलेल्या, शिकागो आणि बॉस्टन येथे काम केलेल्या सहायकाला आणले. थॉम्पसन कठीण जबाबदाऱ्या घेतच राहिला, पण करीला आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा समोरच्या पॉइंट गार्डपुढे उभे केले जाऊ लागले. यात दिसणारा बदल लहान आहे. मला तो मूलगामी वाटतो. ज्याला लपवले जाते तो बचावाच्या क्षणी प्रेक्षक होतो. ज्याला जबाबदारी दिली जाते त्याला प्रत्येक वेळी कथेत राहावे लागते. २०१४-१५मध्ये वॉरियर्सने ८२पैकी ६७ सामने जिंकले, चेंडूच्या शंभर ताब्यांमागे सर्वांत कमी गुण देणारा संघ म्हणून ते पहिले आले आणि चाळीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. करीने त्या हंगामात १६३ स्टील केल्या. एकूण संख्येत एनबीएमध्ये तो पहिला होता. पुढच्या, २०१५-१६च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३०.१ गुण आणि २.१४ स्टील अशा दोन्ही याद्यांत त्याचे नाव पहिले होते.

आता वर सांगितलेली सावधगिरी इथेही बाळगली पाहिजे. हे आकडे आयव्हर्सनसारखे वाचायचे की पॉलसारखे? प्रामाणिक उत्तर असे, की दोघांच्या मधे कुठेतरी. करी पास कुठे जाणार हे आधी ओळखत असे, कारण तोच पास देण्यात तो स्वतः निष्णात होता. आक्रमणाची जाण त्याने बचावात भाषांतरित केली. पण त्याच्या पाठीशी ड्रेमंड ग्रीन, आंद्रे इग्वोडाला, अँड्र्यू बोगट यांच्यासारखे पहारेकरी असल्यामुळे त्याला झेप घेण्याची चैन परवडत होती. एकास एक अशा झुंजीत तो टिकेल का, हे या आकड्यांवरून कळत नव्हते. प्रतिस्पर्ध्यांना मात्र तेच जाणून घ्यायचे होते.

इथे खेळाच्या यंत्रणेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. आक्रमक संघातील एक खेळाडू चेंडू असलेल्या सहकाऱ्याच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा येऊन उभा राहतो; याला ‘स्क्रीन’ म्हणतात. अडकलेल्या बचावपटूला सोडवण्याचा सोपा उपाय म्हणजे ‘स्विच’: दोन्ही बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी बदलून घ्यायचे. २०१५च्या सुमारास वॉरियर्सने हा उपाय फार परिणामकारक रीतीने वापरला. पण त्यात एक फट होती. स्क्रीन लावायला कोणी यायचे हे आक्रमक संघ ठरवतो. ज्याच्यावर करी पहारा देत आहे त्यालाच स्क्रीनसाठी बोलावले, की स्विच होऊन करी आपोआप मुख्य आक्रमकासमोर येतो. म्हणजे प्रशिक्षकाने लपवलेला खेळाडू प्रतिस्पर्धी हवा तेव्हा बाहेर काढू शकतो. २०१३-१४पासून सर्व मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसले होते. बचावाची नोंद प्रथमच इतकी सूक्ष्म झाली, आणि कोणाला लक्ष्य करावे याचे उत्तरही अधिक सूक्ष्म झाले. ताऱ्याला लपवण्याचे युग संपत आले होते.

त्या युगाच्या शेवटाची तारीख द्यायचीच तर १९ जून २०१६ ही द्यावी. हंगामात ७३ सामने जिंकून विक्रम केलेले वॉरियर्स अंतिम फेरीत क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सविरुद्ध ३-१ असे पुढे होते. क्लीव्हलँडने बरोबरी साधली आणि सातवा सामना आला. शेवटच्या मिनिटाच्या आरंभी गुणफलक ८९-८९ होता आणि जवळजवळ चार मिनिटे कोणालाही एकही गुण मिळाला नव्हता. चेंडू कायरी अर्व्हिंगकडे, त्याच्यापुढे थॉम्पसन. जे. आर. स्मिथ स्क्रीनसाठी आला, कारण स्मिथवर करीचा पहारा होता. स्विच झाला. ५३ सेकंद उरले असताना अर्व्हिंगने उजवीकडे सरकून करीच्या हातावरून तीन गुणांची फेक केली. क्लीव्हलँड ९३-८९ असे जिंकले.

हा क्षण करीच्या बचावावरचा निकाल म्हणून पुढे अनेक वर्षे सांगितला गेला. पण ती चित्रफीत शांतपणे पाहिली तर काय दिसते? करी चकला नाही, पडला नाही, अर्व्हिंगला बास्केटपर्यंत जाऊ दिले नाही. एप्रिलमध्ये दुखावलेला गुडघा घेऊन खेळणारा तो, हात वर करून समोर उभा होता. फेक अवघड होती आणि ती आत गेली. त्यानंतर दुसऱ्या टोकाला जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. आता वॉरियर्सनी तीच युक्ती केली आणि केव्हिन लव्ह हा उंच, पायाने संथ, बचावासाठी कधीच न वाखाणला गेलेला खेळाडू करीपुढे आणला. करीने त्याला झुलवण्याचा बराच प्रयत्न केला, लव्ह डगमगला नाही, फेक चुकली. लव्हच्या त्या काही सेकंदांची आजही वाखाणणी होते. दोन दुबळे मानले गेलेले बचावपटू, दोघेही जागेवर उभे राहिले. एकासमोरची फेक पडली, दुसऱ्यासमोरची हुकली. इतिहासाने एकाला दोषी ठरवले आणि दुसऱ्याला नायक. बचावाचे मोल परिणामावरून ठरवण्यात केवढा धोका आहे, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

पुढील वर्षांत ही शिकार अधिक उघडपणे झाली. २०१८च्या वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत ह्यूस्टन रॉकेट्सने, त्या हंगामात ६५ विजय मिळवलेल्या संघाने, जेम्स हार्डनसमोर करीला पुन्हा पुन्हा ओढून आणले. नुकताच गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेला करी आरंभी त्यात होरपळला. वॉरियर्सनी यावर जो उपाय वापरला तो कष्टाचा होता. स्विच करायचा नाही. करीने क्षणभर पुढे होऊन हार्डनची वाट रोखायची, थॉम्पसन किंवा इग्वोडाला स्क्रीनमधून सुटून परत येईपर्यंत तग धरायचा आणि मग धावत आपल्या मूळ प्रतिस्पर्ध्याकडे परतायचे. हे प्रत्येक आक्रमणात दोन-दोन, तीन-तीन वेळा. या धावपळीसाठी गुणपत्रकात रकाना नाही. मालिका सात सामने चालली आणि वॉरियर्स ४-३ असे जिंकले. सातव्या सामन्यात ह्यूस्टनच्या तीन गुणांच्या सलग २७ फेकी हुकल्या, हे सर्वांना आठवते. त्यातले काही श्रेय दैवाचे, काही थकव्याचे, आणि थोडे त्या अनामिक धावपळीचे असावे.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये हाताचे हाड मोडून करीचा जवळजवळ सगळा हंगाम गेला. तो परतला तेव्हा तिशी ओलांडलेली होती आणि अंगावर स्नायू चढले होते. २०२२च्या अंतिम फेरीत समोर बॉस्टन सेल्टिक्स: त्या हंगामातील पहिल्या क्रमांकाचा बचाव. दुसऱ्या क्रमांकाचा वॉरियर्सचा होता. योगायोग असा, की बॉस्टनचा मार्कस स्मार्ट त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला होता. १९९६च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा तो पहिला गार्ड. आणि पेटनचा मुलगा गॅरी पेटन दुसरा हा वॉरियर्सकडून बचावाचीच कामगिरी करत होता. जेसन टेटम आणि जेलन ब्राउन या अंगापिंडाने मोठ्या खेळाडूंनी करीला लक्ष्य केले. या वेळी तो ढकलला गेला नाही. बॉस्टन २-१ असे पुढे असताना झालेल्या चौथ्या सामन्यात त्याने ४३ गुण केले, हे कोणीही सांगेल. त्याच सामन्यात त्याने १० रिबाउंड घेतले, आणि अखेरच्या सुमारे पाच मिनिटांत बॉस्टनला केवळ ३ गुण मिळाले. सामन्यानंतर स्टीव्ह कर यांनी त्याच्या फेकींबरोबर शरीराच्या ताकदीचाही उल्लेख केला. दिवसभर मार खाऊन दुसऱ्या टोकाला बचाव करता येण्याइतका तो पूर्वी कधीच बळकट नव्हता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. वॉरियर्स ४-२ने जिंकले आणि करी अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे सारे श्रेय रचनेचे नव्हे काय? ग्रीन, थॉम्पसन, इग्वोडाला, धाकटा पेटन यांची तटबंदी नसती तर करीची सुधारणा दिसली असती का? या सगळ्या काळात उत्कृष्ट बचावपटूंच्या संघात करीची निवड एकदाही झाली नाही, हेही विसरता येत नाही. तो महान बचावपटू झाला असा माझा दावा नाही. दावा इतकाच, की तो ‘ज्याला लपवावे लागते असा’ खेळाडू राहिला नाही. महानता आणि दुबळेपणा यांच्या मधला हा प्रदेश इतिहासकारांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो मोकळाच राहतो. पण साखळीचे बळ याच प्रदेशात ठरते. बचाव हे पाच जणांनी मिळून लिहिलेले वाक्य आहे; त्यातले एक पद ढासळले तर उरलेल्या चार पदांना अर्थ उरत नाही. ते पद सावरणे ही अलंकाराची बाब नव्हे, ती व्याकरणाची आहे.

ताऱ्याच्या बाबतीत हे अधिक कठीण असते, कारण त्याला सुधारण्याची निकड भासू नये अशीच सगळी व्यवस्था असते. ज्याची टाळी आक्रमणावर ठरलेली आहे, त्याने टाळी न मिळणाऱ्या कामासाठी वर्षानुवर्षे शरीर झिजवणे, आणि तेही आपला दुबळेपणा प्रतिस्पर्धी रोज चव्हाट्यावर आणत असताना, यात एक नैतिक अंश आहे. तो फलकावर उमटत नाही. उमटते ती फक्त अर्व्हिंगची फेक.

वाङ्मयाचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या कथेकडे पाहावे ते याच कारणासाठी. आपले वाङ्मयेतिहासही बहुतेक आक्रमणाचे इतिहास असतात: कोणी कोणता नवा प्रकार आणला, कोणी कोणती चौकट मोडली. लेखकाने काय लिहायचे टाळले, कोणती सोपी ओळ गाळली, कोणत्या मोहासमोर पाय रोवून उभा राहिला, याची नोंद आपल्याकडेही नसते. हस्तलिखिते उपलब्ध झाली आणि खाडाखोड दिसली तर क्वचित काही हाती लागते. एनबीएने १९७३मध्ये दोन रकाने वाढवले आणि २०१३मध्ये कॅमेरे लावले, तरी न झालेल्या गुणांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. आपण अजून पहिला रकानाही आखलेला नाही.